नाकातून ऑपरेशन न करून घेण्याची माझी कारणं

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात पूर्वीपेक्षा बरेच मोठे झाले आहेत, तेव्हा नमस्कारही त्याच मानाने मोठा समजावा. कारण पुढे येईल.) तुझा खोकला गेला असेल अशी आशा आहे. भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? जिना उलटा उतरल्यावर त्यांना बरं वाटतं पण खालच्या मजल्यावरच्या बाई दचकतात, असं तू लिहिलं होतंस. माझ्या मते भाऊजींनी उतरत राहावं. माणसाला कशाचीही सवय होते, बाईंनाही होईल. चार महिने पत्र नाही म्हणून रागावू नकोस, आणि फोन का केला नाहीस असंही विचारू नकोस. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्रात मधेच बोलायची सोय नाही, हा पत्राचा फार मोठा गुण आहे, आणि आज मला त्याची गरज आहे.

तर आक्का, मला एक दुखणं झालं आहे. घाबरू नकोस, जीव जाण्यातलं नाही. पण ते कसं सापडलं हे सांगितल्याशिवाय त्याचं नाव सांगून उपयोग नाही. त्यासाठी आधी दुकानाची पद्धत सांगायला हवी. तुला ती ठाऊक आहे, पण पत्र भाऊजीही वाचतील (वाचतातच, हे मला माहीत आहे) म्हणून लिहितो. आपल्या बुटांच्या दुकानात टेप नाही. गिऱ्हाईक स्टुलावर बसतं, मी पायाला दोरा लावतो, आधी टाचेपासून अंगठ्यापर्यंत आणि मग पंजाभोवती, आणि तो दोरा उजव्या हाताच्या बोटांवर आडवा मोजतो. चार बोटं, पुन्हा चार बोटं, असं. मी मोठ्याने म्हणतो, ‘लांबी चौदा, घेर साडेबारा,’ आणि ही ते वहीत लिहून घेते. एकदा वहीत माप चढलं की गिऱ्हाइकाने पुन्हा पाय दाखवायला येण्याची गरज नाही. निरोप आला की मी वही पाहून, तितकी बोटं मोजून कातडं कापतो. बाबांची हीच पद्धत होती. टेप शिंप्याने वापरावी, आपल्याला देवाने दहा टेपा दिल्यात, असं ते म्हणायचे. या पद्धतीत एकच गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे बोट आहे तेवढंच राहील. ती गृहीत धरली आहे हे चाळीस वर्षांत आपल्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

दोनेक वर्षांपूर्वी जुनी गिऱ्हाइकं बूट परत आणायला लागली. पहिल्या मुख्याध्यापिका बाई. त्यांचं माप वहीत नऊ वर्षांपूर्वीचं. मी वही पाहून बूट केले, त्यांनी पाय घातला, आणि मागे आणखी एक पाय मावेल एवढी जागा उरली. मी म्हणालो, बाई, वयोमानाने पावलं आक्रसतात. बाईंचं वय एक्कावन्न. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘मग तुम्हीच केलेले जुने बूट मला अजून कसे बसतात?’ प्रश्न शाळेतल्यासारखाच अवघड होता. मी सांगितलं की कातडं मायाळू असतं, ते पायाबरोबर आक्रसतं. (हे मी त्या क्षणी रचलं, पण पुढे दोन वर्षं माझाच त्यावर विश्वास होता.) मग वकीलसाहेब आले. ते भर कोर्टात उलटतपासणीला उठले आणि चार पावलं पुढे गेल्यावर त्यांना कळलं की डावा बूट टेबलाखालीच राहिला आहे. साक्षीदार हसला, आणि वकीलसाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे खटला तिथेच गेला. मजा अशी की नव्या गिऱ्हाइकांची एकही तक्रार नव्हती. त्यांची मापं नवी, बूट नवे, सगळं बरोबर. यावरून मी असा निष्कर्ष काढला की आपलं जुनं गिऱ्हाईक झाल्याने माणसाची पावलं लहान होतात. ही गोष्ट गावात फुटली तर दुकान बसेल म्हणून मी कोणाजवळ बोललो नाही.

आता तू म्हणशील, अरे, तुझा स्वतःचा पाय वाढत होता ते दिसलं नाही? आक्का, इथेच तर खरी गंमत आहे. माझे बूट मीच शिवतो. माझं माप गेली पंचवीस वर्षं साडेतेरा बोटं, आणि मी दरवर्षी मोजून बघतो, आजही बरोबर साडेतेरा बोटं. पाय आणि बोट जोडीने वाढत होते. दोघांनी मिळून मला फसवलं. बाकी बारीकसारीक गोष्टी होत होत्या, पण त्या कोणाच्या होत नाहीत? अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली. दातांत फटी पडल्या. घाम इतका यायचा की ही मला हात पुसल्याशिवाय कातड्याला शिवू देत नसे. माझ्या घोरण्यामुळे शेजाऱ्यांनी आपला पलंग दुसऱ्या भिंतीला हलवला, आणि त्या भिंतीपलीकडच्यांनी आपला. आवाज इतका भारदस्त झाला की फोनवर लोक मला ‘साहेब’ म्हणायला लागले. मला वाटलं, वयाबरोबर मान वाढतो आहे.

शेवटी आले आपले कोपऱ्यावरचे डॉक्टर, बूट हातात घेऊन. तेही जुनं गिऱ्हाईक. मी त्यांना स्टुलावर बसवलं, दोरा लावला, मोजलं. वहीत तेरा, बोटांवर साडेअकरा. मी शक्य तितक्या सौम्य आवाजात म्हणालो, ‘डॉक्टर, दीड बोट गेलंत तुम्ही.’ माणसाला अशी बातमी एकदम देऊ नये, पण ते डॉक्टर असल्यामुळे सोसतील असं वाटलं. त्यांनी पायाकडे बघितलंच नाही. ते माझ्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, तोंड उघडा, जीभ दाखवा. मग भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोपुढे जाऊन उभे राहिले आणि हिला विचारलं, ‘फोटोतले हे कोण?’ ही म्हणाली, ‘हेच की.’ डॉक्टर म्हणाले, ‘मग स्टुलापुढे बसलेत ते?’ हिने आधी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि वही मिटून ठेवली. रोज बघणाऱ्याला दिसत नाही म्हणतात ते खरं आहे. आक्का, डॉक्टरांचा चेहरा इतका पडला की मीच त्यांना पाणी दिलं. गेली सहा वर्षं ते मला घोरण्याला एक, साखरेला एक, हातांना येणाऱ्या मुंग्यांना एक आणि घामाला एक अशी वेगवेगळी औषधं देत होते, आणि ही चारही भावंडं एकाच घरची आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या शरमेने ते स्वतः मला स्कूटरवर बसवून मोठ्या इस्पितळात घेऊन गेले.

तिथे रक्त काढलं, मग मला एका नळकांड्यात घालून अर्धा तास डोक्याचे फोटो काढले. निदान असं: नाकाच्या मागे, मेंदूच्या बुडाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यावर कोटाच्या बटणाएवढी गाठ झाली आहे. कॅन्सर नाही. फक्त ती वाढीचं हॉर्मोन सतत तयार करते. लहानपणी झाली असती तर मी ताडासारखा उंच झालो असतो. पन्नाशीत झाल्यामुळे उंची नाही, फक्त हात, पाय, जबडा, नाक आणि जीभ. (उंची मिळाली असती तर तुझ्या माळ्यावरचे डबे तरी काढून दिले असते. आहे त्याचा कोणाला उपयोग नाही.) असंच चालू दिलं तर पुढे हृदयावर येतं, म्हणून काहीतरी करायलाच हवं. आणि काहीतरी म्हणजे दोनातलं एक: महिन्यातून एकदा सुई, किंवा नाकातून ऑपरेशन.

तुला माहीत आहे, मी उगाच हट्ट करणारा माणूस नाही. (इथे तू मधे बोलली असतीस. बघ, पत्राचा गुण.) पण नाकातून? माझ्या नाकातून आजवर सर्दीखेरीज काही आलं-गेलेलं नाही. सर्जन फार चांगला माणूस आहे. त्याच्या बुटांच्या लेसा दोन्ही पायांवर सारख्या, दुहेरी गाठीच्या, टोकं समान. असा माणूस हाताने नीट असतो हे मला धंद्यामुळे कळतं, आणि तरीही तो ‘नाकातून सरळ आत जायचं, शेवटचं पातळ हाड उघडायचं, गाठ काढायची, दार लावून बाहेर यायचं’ असं म्हणाला तेव्हा माझा हात आपोआप नाकावर गेला. वर म्हणतो, नंतर महिनाभर नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, आणि नाकातून पाण्यासारखं काही आलं तर लगेच सांगायचं. आक्का, ज्या माणसाचा सगळा जन्म पायाशी वाकून गेला त्याला महिनाभर वाकू नको म्हणणं म्हणजे माशाला भिजू नको म्हणण्यासारखं आहे.

म्हणून मी मोठ्या आशेने सुईवाल्या डॉक्टरबाईंकडे गेलो. मला वाटलं, त्या सुईच्या बाजूने बोलतील. प्रत्येकजण आपलाच माल चांगला म्हणतो. बाईंनी सगळे फोटो पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, ‘तुमच्या बाबतीत आधी ऑपरेशन.’ मला हे विश्वासघातासारखं वाटलं. मी विचारलं, सुईने गाठ जात नाही का? म्हणाल्या, थोडी आक्रसते, हॉर्मोन बऱ्याच जणांचं ताब्यात येतं, सगळ्यांचं नाही, आणि सुई बहुधा कायम घ्यावी लागते. ऑपरेशनने गाठ सगळी निघाली तर एका दिवसात काम संपतं. मी लगेच पकडलं, ‘तर’ म्हणालात. त्या म्हणाल्या, हो, एका बाजूने ती मोठ्या रक्तवाहिनीला टेकली आहे, तिथे थोडी राहूही शकते. राहिली तर सुई आहेच. म्हणजे बघ, माझ्या नशिबात नाकही आणि सुईही असं दोन्ही असू शकतं, आणि याला ही दोघं उपचार म्हणतात.

मी बाईंना म्हटलं, निदान एक सुई चाखून तर बघू द्या. ऑपरेशनची रांग लांब होती, म्हणून त्या तयार झाल्या. इथे एक कबुली देतो, ती भाऊजींना वाचून दाखवू नकोस. ज्याने तीस वर्षं आरीने कातड्याला भोकं पाडली, त्याला सुई दिसल्याबरोबर घेरी आली. सुई चांगली जाड होती, आणि जागा कोणती ते तू ओळखलं असशीलच. शुद्धीवर आलो तेव्हा नर्सबाई म्हणत होत्या, ‘काका, अजून दिलीच नाही.’ दुसऱ्या वेळी दिली. त्यानंतर चार दिवस पोटाने जो काही गोंधळ घातला तो पत्रात लिहिण्यासारखा नाही. एवढंच सांगतो की मुख्याध्यापिका बाईंच्या पायाला दोरा लावलेला असताना मी दोनदा उठून गेलो, आणि तिसऱ्यांदा बाईंनीच सांगितलं, ‘तुम्ही जा, दोरा मी धरून बसते.’ तरीसुद्धा मी सुईच्या बाजूचा आहे. सुई निदान मागून येते, दिसत नाही.

घरात यावरून तीन आठवडे रण पेटलं आहे. ही ऑपरेशनच्या बाजूची. आपलं म्हणणं मांडताना ती माझाच धंदा माझ्या अंगावर घालते. परवा जेवताना म्हणाली, ‘बुटात खिळा वर आला तर तुम्ही गिऱ्हाइकाला काय सांगता?’ मी म्हणालो, ते वेगळं. ‘वेगळं काय? कोणी म्हणालं, राहू द्या खिळा, वर कापूस घालतो, दर महिन्याला नवा घालतो, तर तुम्ही काय म्हणता?’ मी काय म्हणतो ते गावाला माहीत आहे. मी म्हणतो, खिळा काढ, शहाण्या. पण बुटाला नाक नसतं, असं मी उत्तर दिलं. त्यावर तिने मला आमटी वाढली नाही.

पण माझं खरं कारण वेगळंच आहे, आणि ते हिला पटत नाही म्हणून तुला लिहितो. ऑपरेशन यशस्वी झालं तर काय होतं? सर्जन फार आनंदाने म्हणाला, हाडं आहेत तशीच राहतील, पण सूज आठवड्याभरात उतरायला लागेल, बोटं बारीक होतील. ऐकलंस? बारीक होतील. गेल्या सहा वर्षांत आलेली नवी गिऱ्हाइकं, सगळी त्रेचाळीस, मी या जाड बोटांनी मोजलेली आहेत. बोट बारीक झालं की वही पाहून केलेला त्यांचा प्रत्येक बूट लहान होणार. मोठा बूट माणूस कापूस घालून तरी वापरतो, लहान बुटात पाय जातच नाही. आधी जुनी गिऱ्हाइकं गेली, आता नवी जातील. कंपासपेटीतली पट्टी घेऊन हिशोब बसवता येईल असं मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, पण माझं बोट सकाळी एक असतं, संध्याकाळी दुसरं, त्याला कुठली पट्टी लावणार? सुईने बोट उतरलं तरी माझ्या मते ते हळूहळू, सवडीने उतरेल, आणि गिऱ्हाइकांना एकेक करून बोलावता येईल. (डॉक्टरबाई म्हणतात, सुईनेही ते लवकरच उतरतं. पण बाईंवरचा माझा विश्वास उडालेला आहे.) तेव्हा त्रेचाळीस माणसांच्या ऐंशीवर पायांचा विचार करून मी सुईच घ्यायची असं नक्की केलं आहे. यात भीतीचा काही संबंध नाही. तू तुझ्या भावजयीला एक खरमरीत पत्र लिहून एवढं समजावून सांग. तुझं ती ऐकते.

भाऊजींना नमस्कार. जिन्याचा कठडा धरायला सांग. तुझी प्रकृती सांभाळ. माझ्या घोरण्याची आठवण येत असेल तर खिडकी उघडी ठेव, वारा इकडून असेल तेव्हा ऐकू येईल.

तुझा, साडेतेरा बोटांचाच,
धाकटा

ता. क. – पत्र बंद करता करता एक सुचलं. बाबा म्हणायचे, माझं बोट दोघांना मिळालं, आक्काला आणि धाकट्याला. तुझ्या हाताला काही झालेलं नाही, म्हणजे आपल्या घरचं खरं बोट आता तुझ्याकडेच आहे. जुन्या वहीतली मापं तुझ्या बोटांवर बरोबर उतरतील. तेव्हा तू महिनाभर इकडे येऊन राहिलीस तर दुकानाची मोठी सोय होईल. तू नुसतं स्टुलावर बसून बोटं टेकायची, बाकी काही करायचं नाही. केवळ धंद्याच्या दृष्टीने लिहितो आहे.

ता. क. – वन्संना नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून उघडून वाचलं, माफ करा. सुईचं नक्की केलं असं लिहिलंय ते खोटं आहे. सोमवारी कातडं आणायला जातो म्हणून हे स्वतः इस्पितळात जाऊन ऑपरेशनच्या कागदांवर सही करून आले. एकवीस तारीख मिळाली आहे. मला बोलले नाहीत. तीन आठवडे भांडल्यावर आता कबूल कसं करायचं, हीच अडचण. मला कळलं कारण इस्पितळातल्या बाईंनी घरी फोन करून विचारलं, काकांसोबत कोण राहणार, त्यांनी ‘बघू, आक्का आली तर’ असं लिहून दिलंय. मीही त्यांना काही बोलले नाही. आणि त्रेचाळीस माणसांचं काही मनावर घेऊ नका. भाजीला जाते सांगून महिनाभर मी टेप घेऊन घरोघर फिरले, एकेचाळीस झाली, दोन परगावी आहेत. सगळी मापं सेंटिमीटरमध्ये वहीच्या मागच्या पानांवर आहेत, तिकडून वही उघडायची यांना सवय नाही. तुमच्या बोटांची तशी काहीच गरज नाही. पण तुम्ही या. माझ्यासमोर यांना भ्यायला काही वाटत नाही. तुम्ही समोर असलात की लाजतात.

ता. क. – एक लिहायचं राहिलं म्हणून पत्र हिच्याकडून परत मागितलं. हिने वर काय लिहिलं ते मला वाचू दिलं नाही, हात ठेवून बसली होती. जे काही असेल त्यावर विश्वास ठेवू नकोस. मात्र येणार असलीस तर एकवीसच्या आत ये. तारखेला तसं काही विशेष कारण नाही. वीसला संध्याकाळी पोचलीस तर उत्तम.